झोपलेला कान

हाक मारली की ओ द्यायची, एवढं साधं असतं. कराडच्या शाळेत आठवी-नववीला विज्ञान शिकवण्यात माझा जन्म गेला, पण नाव घेतल्यावर ओ न देणारं पोर मी पाहिलं नाही. मागच्या बाकावर डोकं टेकून घोरणारीसुद्धा दचकून 'हजर' म्हणायची. आणि एवढं सगळं करून म्हातारपणी माझ्या वाट्याला काय आलं, तर ओ न देणारा जावई!

आता तुम्ही म्हणाल, लेकीच्या घरी राहायचं आणि वर जावयाचीच गाऱ्हाणी सांगायची. सांगणार. गुडघा बदलून घेतला तेव्हा शर्वरी मला सांगलीला घेऊन आली. गुडघा बरा झाला, तरी ती मला सोडेना. मी राहिले, पण माझी बॅग मी कधी माळ्यावर टाकू दिली नाही. ती पलंगाखाली, हाताशी. लेकीचं घर कितीही आपलं म्हटलं तरी ते तिच्या नवऱ्याचंही असतं, हे मला पक्कं ठाऊक होतं.

नवरा म्हणजे आमचे मल्हारराव. माणूस लाखातला. शर्वरी हळदीच्या प्रयोगशाळेत जाते, ती सकाळी गेली की दिवेलागणीलाच परत. हे मात्र दिवसभर घरी, आतल्या खोलीत पडद्यासमोर. तासगावकडच्या द्राक्षबागांवर आता माणसांपेक्षा ड्रोन जास्त फिरतात. ते पानापानाचे फोटो काढतात, यंत्र ते तपासतं, आणि जिथे यंत्राला खात्री वाटत नाही तिथे माणसाचा डोळा लागतो. पानावर पांढरं दिसतंय ती भुरीची बुरशी की नुसती धूळ, हे मल्हाररावांनी सांगायचं. मग त्यावर फवारणी करायची की नाही ते ठरतं.

दुपारी मी स्वयंपाकघरातून म्हणायची, "अहो मल्हारराव, येताय ना जेवायला?"

"आलो, आई."

की लगेच खुर्ची सरकल्याचा आवाज. मग आमटीची वाटी दोनदा पुढे व्हायची, बागांच्या गप्पा व्हायच्या. त्या घरात मला सर्वांत आवडायचा तो हाच वेळ. शर्वरीशी बोलताना ती सतत फोनमध्ये. हे मात्र ऐकायचे. कृष्णेला पूर आला तेव्हा शाळेतली बेडकं पाण्याबरोबर कशी पळाली, ही माझी गोष्ट त्यांनी तीनदा तरी ऐकली असेल, आणि तिन्ही वेळा हसले.

पण घरी बसून काम करणं म्हणजे काही सुख नाही हो. ना जाणं, ना येणं, ना चहाच्या टपरीवर दोन शब्द. जेवण झालं की यांच्या डोळ्यांवर झापड यायची. पान, पान, पान, सगळी एकसारखी दिसायला लागायची. एकदा यांनी भुरीला धूळ म्हटलं आणि बाग हातची गेली. बागवाला फोनवर रडला. मल्हारराव त्या दिवशी जेवले नाहीत. मग कंपनीने यांना 'टवटवी' पाठवली.

टवटवी म्हणजे कपाळावरून मागे जाणारा एक पट्टा, मऊ, राखाडी रंगाचा. तो काय करतो हे मला शर्वरीने सांगायचा प्रयत्न केला. मी म्हटलं, तू नको शिकवूस, माहितीपत्रक आण इकडे. ते वाचलं, आणि खरं सांगते, मला टाळी वाजवावीशी वाटली.

आपल्याला वाटतं, मेंदू एकदम झोपतो आणि एकदम उठतो. तसं नसतं. डॉल्फिन अर्धा मेंदू झोपवतो आणि उरलेल्या अर्ध्याने पोहत राहतो. दमलेल्या माणसाच्याही मेंदूतले लहानलहान कोपरे जागेपणीच डुलक्या घेतात, म्हणून आपण चष्मा फ्रिजमध्ये ठेवतो. झोपेत मेंदूतला दिवसभराचा कचरा धुऊन निघतो, आणि तो धुण्यासाठीच तर झोप लागते. आमच्या शाळेत झाडायचं असलं की सगळ्या शाळेला सुट्टी नाही द्यायचे. एक वर्ग मैदानावर पाठवायचा, तेवढी खोली झाडायची, मग दुसरा वर्ग. टवटवी हेच करते. माणूस डोळ्यांनी काम करत असेल तर ऐकण्याचा भाग तिला रिकामा सापडतो. बारीक लहरी सोडून ती तेवढाच भाग गाढ झोपवते. तो उठला की पुढचा. असा झाडूनपुसून लख्ख होत मेंदू दिवसभर चालूच राहतो.

तळाशी बारीक अक्षरात एक ओळ होती. झोपलेला भाग स्वप्नं पाहू शकतो, ती निरुपद्रवी असतात. आणि पट्टा ज्याचा त्यानेच वापरावा.

काम मात्र झकास व्हायला लागलं. मल्हाररावांचे डोळे संध्याकाळीसुद्धा सकाळसारखे. कंपनीने कौतुक केलं, शर्वरी खूश. आणि मी?

"अहो मल्हारराव, येताय ना जेवायला?"

काही नाही.

"मल्हारराव! पोळ्या गार होतायत!"

काही नाही. मी गुडघा सांभाळत खोलीच्या दाराशी गेले. माझ्याकडे पाठ. समोर हिरवीगार पानं सरकतायत, बोटं झरझर चालतायत. पडद्याच्या काचेत चेहरा दिसला तर गालातल्या गालात हसू. मी हाका मारतेय आणि हे हसतायत! अंगाचा तिळपापड झाला माझ्या. टेबलावर हात आपटला तसे दचकले.

"अहो आई, आधी हाक तरी मारायचीत!"

रात्री शर्वरीला सांगितलं, तर ती म्हणते, "अगं आई, त्याचा कान झोपलेला असतो."

"आणि बाकीचा जावई? तो तर जागा असतो ना?"

ती हसली. मला काही हसू आलं नाही. रोजचंच झालं ते. मी हाका मारायच्या, आतून काही नाही, आणि दारात जावं तर तेच सुखाचं हसू. मला वाटायला लागलं, जावयाला सासूची हाक नकोशी झाली की तो असाच हसत असेल. मनात एकदा हे घुसलं की निघत नाही. मग मी ठरवलं. आपणच बोलायचं नाही. पान वाढून, वर ताट झाकून, गुपचूप आपल्या खोलीत. धाकट्या बहिणीला, सुमनला, कराडला फोन केला आणि सांगितलं, दसरा झाला की मी येतेय कायमची, माझा फ्लॅट झाडून ठेव. पलंगाखालची बॅग बाहेर काढून पुसली.

घर गप्प झालं. भाजीची गाडी आली की तिची घंटा तेवढी वाजायची. ती गाडी आता आपली आपणच फिरते, भाजीवाल्याची आरोळीही गेली. दुपारचं ऊन फरशीवरून हळूहळू सरकायचं आणि मी ते बघत बसायची. मल्हारराव कधीतरी उठून गार जेवायचे आणि ताट घासून ठेवायचे.

आणि मग मला दिसलं की यांचं हसू गेलंय. चेहरा उतरलेला. कामातून मध्येच थांबायचे, मान कलती करून वाट बघितल्यासारखे बसायचे. पट्टा काढायचे, पुसायचे, पुन्हा लावायचे. जेवणाची शुद्ध नाही. शर्वरी म्हणाली कामाचा ताण असेल. मला ते पटलं नाही. पोराचं काहीतरी हरवलं की त्याचा चेहरा कसा होतो, ते मी जन्मभर बघितलंय.

शेवटी एका दुपारी यांनी बाहेरच्या खोलीतल्या पडद्यावर टवटवीच्या मदतकेंद्राला फोन लावला. मी कोपऱ्यात लसूण सोलत होते. उठून जावं म्हटलं, तर गुडघा ऐकेना. पडद्यावर एक तरतरीत मुलगी आली.

"पट्टा बिघडलाय," मल्हारराव म्हणाले.

"काम नीट होत नाहीये का, सर?"

"काम होतंय. पण…" माझ्याकडे पाठच होती. "ती स्वप्नं यायची बंद झाली."

"कुठली स्वप्नं?"

"आवाजाची. माझी आई हाक मारायची. वारली ती, लग्नाच्या आधीच. तिचे व्हिडिओ ढीगभर आहेत हो, पण त्यात ती कॅमेऱ्याकडे बघून वाढदिवसाच्या शुभेच्छा देते. जेवायला बोलावताना कोण कोणाचा व्हिडिओ काढतं? ती हाक मी विसरलो होतो. किती आठवायचो, पण येत नव्हती. आणि पट्टा लावला तर रोज दुपारी यायला लागली. 'ए मलू, पान वाढलंय, ये रे.' अगदी तशीच, शेवटचं अक्षर लांबवून. समोर पानं बघतोय आणि कानात आमचं तासगावचं घर. ओ दिली तर ती जाईल म्हणून मी कधी ओ दिली नाही. नुसता ऐकत बसायचो. आता येतच नाही ती. कुठेतरी देवळातली घंटा तेवढी ऐकू येते."

माझ्या हातातली लसणाची पाकळी हातातच राहिली.

ती मुलगी जरा वेळ तिच्याकडचे आकडे बघत होती. मग म्हणाली, "सर, पट्टा ठीक आहे. झोपलेला कान पूर्ण बंद नसतो. बाहेरचा आवाज आत जातो, आणि त्याच्यासारखं जे आत साठलेलं असेल ते स्वप्न होऊन वर येतं. गजर वाजत असतो आणि स्वप्नात आपल्याला शाळेची घंटा ऐकू येते ना, तसं. बाहेर आवाजच नसेल तर कान स्वप्न कशाचं करणार? सर, अलीकडे घरात काही बदल झालाय का? दुपारी तुम्हाला कोणी हाक मारायचं, ते बंद झालंय का?"

मल्हारराव सावकाश मागे वळले. मी मान खाली घातली. लसणाची सालं मांडीवरून खाली पडत होती.

पडदा बंद झाला. ते माझ्यासमोर फरशीवरच बसले.

"आई, हल्ली हाक का मारत नाही तुम्ही?"

"ओ देत नाही म्हणून," मी फटकन म्हटलं. "भिंतीशी बोलायला मला वेड नाही लागलेलं. वर हसायचात! दसऱ्यानंतर मी कराडला चाललेय. म्हणजे तुम्हालाही बरं."

"मला कशाला बरं?" ते म्हणाले. "मी हसायचो कारण… तुम्ही होतात ती. मला ठाऊकच नव्हतं."

मला राग यावा की रडू, कळेना. दोन्ही आलं. मी हाका मारून घसा कोरडा करायचा, आणि ओ मिळायची नाही ती नाही, वर ऐकणाऱ्याने ऐकायचं दुसऱ्याच बाईला! मी इथे वाट बघून माझी बॅग काढली, आणि त्याच हाकेने या माणसाला त्याची आई परत मिळत होती. कोणावर रागवायचं?

"पट्टा परत करतो," ते म्हणाले.

"गप्प बसा," मी म्हटलं. "उद्या बघू."

दुसऱ्या दिवशी ते अंघोळीला गेले तेव्हा मी पट्टा उचलला. ज्याचा त्यानेच वापरावा, असं लिहिलं होतं, हो. पण आमच्या घरात छत्री सगळ्यांची एक, चष्मासुद्धा मी शर्वरीचा लावते. पट्टा तेवढा वेगळा कशाला? शिवाय जे मला कळत नाही ते करून बघायचं, असंच मी पोरांना शिकवलं. डोळ्यांना काम हवं म्हणून ताटात तांदूळ घेतले, गॅसवर दूध ठेवलं आणि पट्टा चढवून निवडायला बसले.

आधी काहीच नाही. मग घर मऊ झालं. पंख्याचा आवाज लांब गेला, आणखी लांब गेला, आणि तिथे नदीवरचा वारा आला. डोळ्यांसमोर तांदूळ, बोटांत तांदूळ, आणि कानात कराड. आमची जुनी गॅलरी. खाली रस्त्यावर स्कूटर बंद झाली, स्टँडचा तो कटकन आवाज. मी खडा उचलून बाजूला ठेवला. मला सगळं दिसत होतं, ताट, फरशी, खिडकीतली तुळस. पण आवाज त्यातला कशाचाच नव्हता. खालून माणूस घसा खाकरला, आणि मला कळलं आता काय येणार. किल्ली विसरायचे ते. रोज विसरायचे. मी रोज चिडायची.

"नीला! अगं नीला, किल्ली टाक गं!"

देवा! किती वर्षांनी कोणी मला नीला म्हटलं. मी हलले नाही. हललं तर जाईल असं वाटलं. तांदूळ धूसर झाले, हात आपोआप चालत राहिले. "अगं नीला… ए नीला…" ते खाली उन्हात उभे, मान वर करून, आणि मला काही घाई नाही. आज हाका मारू देत हव्या तेवढ्या. मला वाटतं मी हसत होते.

कोणीतरी खांद्याला धरून हलवलं. मल्हारराव, केस ओले, एका हातात फडक्याने धरलेलं पातेलं. त्यांचे ओठ हलत होते, शब्द जरा उशिरा पोचले.

"आई! अहो आई! केव्हाचा हाका मारतोय! दूध सगळं उतू गेलं!"

शेगडीवर, ओट्यावर, फरशीवर दूधच दूध. मी पट्टा काढला आणि लहान मुलीसारखी रडले. ते तसेच पातेलं धरून उभे.

"कोण होतं?" त्यांनी हळूच विचारलं.

"शर्वरीचे बाबा. किल्ली विसरले होते."

ते शेजारी बसले. घटकाभर माझा कान पेंगतच होता, दुसऱ्याच्या मापाचा पट्टा घातल्यावर आणखी काय होणार. पण डोकं लख्ख झालं होतं.

"मल्हारराव, तुम्ही दारात उभं राहून हाका मारल्यात, आणि मी बसले शर्वरीच्या बाबांचं ऐकत," मी म्हटलं. "गॅस पेटलेला होता. घर जळालं असतं तरी मी हसतच बसले असते. मला तुमचा राग येत होता, आता येत नाही. पण आता मी सांगते तसं करायचं. काम आहे, पट्टा ठेवा. सकाळी लावा, संध्याकाळी लावा. दुपारी मात्र मधली सुट्टी. पट्टा काढायचा, माझ्याबरोबर गरम जेवायचं, आणि मग चटई टाकून आडवं व्हायचं. कान, डोळे, सगळी शाळा एकदम सुटली पाहिजे. बघा डोळे ताजे होतात की नाही."

त्यांनी हातातल्या फडक्याने फरशीवरचं दूध टिपलं. मग म्हणाले, "म्हणजे आईची हाक…"

"नाही येणार."

आईला दुसऱ्यांदा सोडा म्हणून सांगणारी मी कोण? ते नाही म्हणाले असते, तर मी बॅग उचलली असती आणि त्यांना दोषही दिला नसता. त्यांनी डोळे पुसले.

"ठीक आहे. पण आज एकदा. शेवटचं. पट्टा लावून बसतो. तुम्ही हाक माराल?"

मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. ओटा पुसला, उगाचच. त्या बाईला मी फोटोतच पाहिलेलं. कपाळावर ठसठशीत कुंकू, हसताना डोळे बारीक. मनात म्हटलं, बाई गं, आज तुझ्यासाठी. आणि जशी शर्वरीला लहानपणी मैदानातून बोलवायची तशी, गळा मोकळा सोडून, सासूपण बाजूला ठेवून हाक मारली.

"येताय ना? पान वाढलंय!"

पुन्हा मारली. आणखी एकदा मारली. आतून काही आलं नाही. मी कान देऊन उभी होते. मग आत खुर्ची हलली, आणि या घरात मी कधीच ऐकला नव्हता अशा पोराच्या आवाजात ते म्हणाले,

"आलो गं आई."

ती ओ माझ्यासाठी नव्हती. पण मी ती ऐकली, आणि आता ती ऐकलेली या जगात मी एकटीच आहे.

त्या संध्याकाळी मी सुमनला फोन केला, की झाडू नकोस, मी येत नाही. मल्हाररावांनी माझी बॅग स्टुलावर चढून माळ्यावर टाकली, पार मागे, जुन्या कुंड्यांच्या पलीकडे.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीची वेळ झाली. मेथीची भाजी, गरम पोळ्या. मी हाक मारली, "अहो मल्हारराव, येताय ना जेवायला?"

काही नाही.

पुन्हा मारली. काही नाही. म्हटलं झालं, पहिल्याच दिवशी! हातात लाटणं तसंच घेऊन खोलीच्या दारात गेले. पट्टा टेबलावर काढून ठेवलेला. पडदा बंद. हे खुर्चीत दाराकडे तोंड करून बसलेले, डोळे भरलेले, आणि तेच गालातल्या गालात हसू.

"ऐकू येतंय ना?"

"येतंय."

"मग ओ का देत नाही?"

"आई, अजून एकदा मारा ना. तुमची हाक मी अजून धड ऐकलीच नाहीये."

मी वळले, स्वयंपाकघरात गेले, लाटणं खाली ठेवलं. त्यांच्या आईचं नाव त्यांच्या आईचं, ते मी घेणार नव्हते. 'अहो, येताय ना' हे सासूचं झालं. माझी स्वतःची अशी हाक एकच, ती मी जन्मभर मारली आणि निवृत्त झाल्यापासून कोणाला मारली नव्हती. मी पदर खोचला, चष्मा सारखा केला, आणि भिंती हादरतील अशा आवाजात म्हटलं,

"पोतदार मल्हार शशिकांत!"

आत खुर्ची धाडकन मागे सरकली.

"हजर, बाई!"